सुटे राहू द्या

पत्र असं आहे:

"मी जालन्यात एका पतसंस्थेत नोकरीला आहे, वय ३४. गेल्या महिन्यात अप्पांची एकसष्टी झाली म्हणून आम्ही सात जण संभाजीनगरला एका चांगल्या हॉटेलात जेवायला गेलो. बिल आलं ३,६९६ रुपये. त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज धरलेला होता. मी स्कॅन करून पैसे भरले आणि उठलो. वेटर बडीशेपेची वाटी घेऊन तसाच उभा. माझ्या खिशात रोख एक रुपया नव्हता. आमच्या पुण्याच्या दाजींनी पटकन दोनशेची नोट काढून वाटीखाली सरकवली. परत येताना गाडीत अप्पा म्हणाले, 'लेकानं जेवण दिलं आणि जावयाला खिशात हात घालावा लागला.' बायको म्हणते, दहा टक्के आधीच घेतले, आता आणखी कशाचे? दाजी म्हणतात, अमेरिकेत वीस टक्के देतात, आपणच कंजूष.

तेव्हापासून मला जिथं तिथं हेच दिसतंय. गॅसवाला दर टाकीला ३० रुपये वरचे घेतो. मुलगी झाली तेव्हा सरकारी दवाखान्यात मावशीनं पेढ्याचे म्हणून ५०० घेतले, तेही बाळ हातात द्यायच्या आधी. हे सगळं टीपच का? कुणाला द्यायची, किती द्यायची? आणि दाजींचे दोनशे परत करू का?"

तुमचं पत्र वाचून मी आधी कागद-पेन घेतलं आणि बिल उलटं मांडलं. जेवण ३,२०० चं. त्यावर दहा टक्के चार्ज ३२०, झाले ३,५२०. मग या ३,५२० वर पाच टक्के जीएसटी १७६. म्हणजे चार्ज तर घेतलाच, वर त्या चार्जवरही तुमच्याकडून १६ रुपये कर घेतला. नुसतं जेवण आणि त्यावरचा कर धरला असता तर ३,३६० मध्ये भागलं असतं. तुमचे ३३६ रुपये गेले आणि वेटर वाटी घेऊन उभा तो उभाच. इथवर सूनबाईंचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला याबद्दल नियम काढलेले आहेत. हॉटेलनं आपल्या मनानं सर्व्हिस चार्ज बिलात धरायचा नाही, दुसरं नाव देऊनही घ्यायचा नाही, दिला नाही म्हणून गिऱ्हाइकाला अडवायचं नाही आणि तो बिलात मिळवून वर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, स्थगिती आणली, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं हे नियम उचलून धरले. पुढं त्या अपिलात गेल्या, ते होत राहील. तुम्ही काउंटरवर जाऊन शांतपणे म्हणायचं, "हा चार्ज काढून दुसरं बिल द्या." बहुतेक ठिकाणी मॅनेजर हुज्जत घालत नाही, त्याला नियम तुमच्याआधी माहीत असतो. घातलीच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुष्कळ लोकांना अजून वाटतं की हा सरकारी कर आहे. तो सर्व्हिस टॅक्स. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तो गेला. सर्व्हिस चार्ज हा सरकारचा कधी नव्हताच.

पण अप्पांना लागलंय ते या हिशेबात सापडणार नाही.

आपल्याकडं टक्केवारी कधी नव्हती हो. होते ते सुटे. बिल ४७ चं, नोट पन्नासची, तीन रुपये बडीशेपेच्या बशीतून परत यायचे. चिमूटभर बडीशेप आणि खडीसाखरेचा एक खडा उचलायचा, नाणी तशीच सोडून उठायचं. फार तर "सुटे राहू द्या" म्हणायचं. रिक्षातही तेच, न्हाव्याच्या दुकानातही तेच. देणाऱ्याला आपण काही दिलं असं वाटत नसे आणि घेणाऱ्याला मागावं लागत नसे. मोबाइलच्या स्कॅननं हे मोडलं. ३,६९६ म्हणजे बरोबर ३,६९६ जातात, तेही मालकाच्या खात्यात. पूर्वी परत आलेले पैसे न उचलले की टीप व्हायची. आता खास खिशात हात घालून काढावी लागते, आणि खिशात तर काही नसतं. गेल्या सात-आठ वर्षांत वेटर लोकांची वरकमाई किती बुडाली असेल याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण ओळखीच्या एखाद्या वेटरला सहज विचारून बघा, तो मोबाइलला काय शिव्या घालतो ते.

मला हे कळतं त्याला कारण आहे. १९८६ च्या सुमारास मी औरंगाबादला शिकत होतो आणि संध्याकाळी सहा ते अकरा एका हॉटेलात वाढायचं काम करायचो. दीडशे रुपये महिना आणि रात्रीचं जेवण. गल्ल्याजवळ डालड्याचा रिकामा डबा ठेवलेला, झाकणाला सुरीनं चीर पाडलेली. टेबलावर जे सुटे मिळतील ते त्या चिरेतून आत. शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून मालक तो डबा काउंटरच्या फरशीवर पालथा करायचे. चार आण्यांची चवड, आठ आण्यांची चवड, रुपयांची चवड. मग वही निघायची. आठवड्यात ग्लास किती फुटले, कप किती फुटले. ते पैसे आधी बाजूला, मग उरलेल्याचे वाटे. एका आठवड्यात मी एकट्यानं सहा ग्लासांचा ट्रे पाडला. सगळ्यांचे वाटे घटले आणि भटारखान्यातला आचारी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

एक वकीलसाहेब रोज यायचे. त्यांना डब्याचं गणित ठाऊक असावं. जाताना बेसिनपाशी थांबायचे आणि रुपया माझ्या मुठीत कोंबायचे. "डब्यात टाकू नको." मला तेव्हा ते फार भारी वाटायचं. पण मोरीवर भांडी घासणारा एक पोऱ्या होता, माझ्याहून लहान, बोटं दिवसभर पाण्यात राहून पांढरी पडलेली. त्याच्याकडं कोणतं गिऱ्हाईक बघणार? त्याला जे काही मिळायचं ते त्या डब्यातूनच, ग्लासांचे कापून का होईना. म्हणून 'टीप थेट वेटरच्या हातात द्या' असा सल्ला सगळीकडं फिरतो तो मी डोळे झाकून पुढं ढकलत नाही. वेटरलाच हळूच विचारावं, "हे तुमच्यात वाटून घेता का?" हो म्हणाला तर डब्यात टाका. गप्प राहिला तर हातात द्या. मालकाचा मात्र या पैशावर हक्क नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका हॉटेल कंपनीचं आयकराचं प्रकरण आलं होतं. गिऱ्हाइकानं कार्डावरून दिलेली टीप हॉटेलनं नोकरांना वाटली, तर तो पगार धरायचा का, असा प्रश्न होता. न्यायालयानं नाही म्हटलं. ते पैसे गिऱ्हाइकानं दिलेले असतात, हॉटेलच्या हातातून ते फक्त पुढं जातात. आमच्या मालकांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी ग्लासांची वही पुढं केली असती.

आणखी एक आठवण, कारण ती तुमच्या अप्पांशी जुळते. एकदा आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी जेवायला आले. मीच वाढलं. ते उठून गेले आणि बशीत दोन रुपये. मी धावत रस्त्यावर गेलो, "गुरुजी, पैसे विसरलात." त्यांनी माझ्याकडं बघितलं, पैसे घेतले, "बरं झालं, एस्टीला होतील" म्हणाले आणि निघून गेले. वकिलांचा रुपया मी खुशाल घेत होतो, गुरुजींचे दोन रुपये मला घेववले नाहीत. पैसा तोच, पण कुणाकडून कुणाकडं जातोय त्यावर त्याचं वजन बदलतं. अप्पांच्या पंगतीत जावई म्हणजे मानाचा पाहुणा. त्यानं नोट काढली आणि यजमान बघत राहिले, एवढंच त्यांना लागलंय. दोनशे रुपयांचं त्यांना काही नाही.

आपली ही सगळी देण्याघेण्याची भाषा जुन्या वाड्यांतली आहे. 'बक्षीस' फारसीतून आलं. बख्शणं म्हणजे देणंही आणि माफ करणंही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं इनाम, नजराणा, खिदमत हे शब्द आपल्या बोलण्यातच काय, जमिनीच्या कागदांतही मुरले. खिदमतमाश जमीन तुम्ही ऐकली असेल, पतसंस्थेत आहात म्हणजे सातबाऱ्याशी गाठ पडतच असणार. खिदमत म्हणजे सेवा आणि माश म्हणजे चरितार्थ, सेवेच्या बदल्यात पोट भरायला दिलेली जमीन. वरच्याची मर्जी झाली तर खालच्याला मिळायचं. गावात त्याच्या जोडीला बलुतं होतं. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, न्हावी, परीट आपापला वाटा न्यायचे. लग्नात परीट पायघड्या घालायचा आणि त्याचं ठरलेलं मागून घ्यायचा, त्याला कुणी भीक म्हणत नसे. पण या बलुत्याला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. त्याच खळ्यावर काहींना वाटा दुरून, पदर पसरून घ्यावा लागे आणि काम नको म्हणायची सोय नसे, कारण काम जातीनं ठरलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना टीप मागणारा हात बघवत नाही, त्याच्या मागं हेही असणार.

मर्जीचं हक्कात रूपांतर होतानाही आपण बघितलंय. कारखान्यातला दिवाळीचा बोनस आधी मालकाच्या मनावर होता. १९६५ च्या कायद्यानं तो किमान चार टक्के झाला आणि पुढं ८.३३ टक्के, म्हणजे हिशेबानं वर्षाकाठी एक महिन्याचा पगार.

आता दाजींची अमेरिका. इंग्लंडात अठराव्या शतकात मोठ्या घरी जेवून पाहुणा निघाला की घरचे नोकर दाराशी ओळीनं उभे राहायचे आणि प्रत्येकाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्याची सुटका नसे. १७६० च्या दशकात मालक लोकांनी ही रीत बंद करायचं ठरवलं, तेव्हा लंडनमध्ये नोकरांनी दंगा केला. अमेरिकेत १८६५ ला यादवी युद्ध संपल्यावर युरोप फिरून आलेल्या श्रीमंतांनी ही सवय सोबत आणली. बऱ्याच जणांना ती आवडली नाही, लोकशाहीत कसली बक्षिसी म्हणून. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्यानं टीपबंदीचा कायदा केला, मग आणखी काही राज्यांनी केला, आणि १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गुंडाळलेही गेले. कारण मालकांना रीत सोयीची पडत होती. पुलमन नावाच्या कंपनीनं रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत गुलामीतून नुकतेच सुटलेले काळे लोक पोर्टर म्हणून घेतले. पगार तुटपुंजा, बाकीचं प्रवाशांकडून कमवा. त्या पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढाकारानं युनियन काढली. कंपनीला करारावर सही करायला १९३७ उजाडलं.

पुढं १९६६ मध्ये तर टीप घेणाऱ्यांसाठी कायद्यातच खालचा दर आला. आज तिथं केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, पण वेटरला मालकानं पदरचे २.१३ दिले तरी चालतं, हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. मधली तूट टीपमधून भरली नाही तरच मालकानं भरायची. काही राज्यांत दर वर आहेत, पण सगळीकडं नाहीत. तेव्हा दाजी ज्याला दिलदारी म्हणतात ते वीस टक्के म्हणजे वेटरच्या पगारातला गिऱ्हाइकाच्या माथी मारलेला वाटा आहे. दाजींना हे भाऊबीजेला सांगा, आधी नको. दुसरीकडं जपानमध्ये टीपची रीतच नाही. टेबलावर पैसे सोडले तर वेटर ते घेऊन मागं येतो, मी गुरुजींच्या मागं गेलो तसा. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यानं टीपवाल्यांसाठी असा खालचा दर कधी ठेवला नाही. हॉटेलं तो कायदा पाळायची किती, हे मी माझ्या दीडशे रुपयांवरून सांगू शकतो.

'टीप' म्हणजे कुठल्यातरी तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, असा एक मेसेज फिरतो. तो खोटा आहे. सतराव्या शतकात तो इंग्लंडातल्या चोरट्यांच्या बोलीतला शब्द होता, हळूच हातात देणे या अर्थाचा. आपल्याकडं आधीच शिंप्याची टीप होती, पोलिसाला दिलेली टीप होती, पुस्तकातली तळटीप होती, त्यात ही एक आली.

गॅसवाल्याचं. टाकी घरपोच आणण्याचा खर्च पावतीतल्या किमतीत धरलेला असतो, गोदामातून स्वतः उचललीत तर तेवढी रक्कम कमी होते. म्हणून तीस रुपये 'द्यावेच लागतात' हे खरं नाही. पण तुम्ही कितव्या मजल्यावर राहता ते लिहिलेलं नाही. १४.२ किलो गॅस आणि रिकामी टाकी पंधरा-सोळा किलो, म्हणजे तीस किलोचं लोखंड तो माणूस खांद्यावर घेतो, आणि जालन्याच्या मे महिन्यात घेतो. तळमजला असेल तर पावतीएवढेच मोजून द्या. तिसरा मजला आणि लिफ्ट नसेल तर आपल्या हातानं वीस-तीस द्या, आणि आधी पाणी द्या. "जास्तीचे दिले नाहीत तर पुढची टाकी उशिरा येईल" असं तो बोलला की मात्र एक पैसा वर द्यायचा नाही, एजन्सीकडं लेखी तक्रार करायची. कामाच्या आधी मागितलेली टीप हा असाच प्रकार आहे. २०२५ च्या मे महिन्यात एका टॅक्सी ॲपला ग्राहक प्राधिकरणानं नोटीस काढली ती याचसाठी. गाडी लवकर हवी तर आधी टीप टाका, असं ते ॲप सुचवत होतं.

दवाखान्यातल्या पाचशेंना टीप म्हणू नका. ती लाच होती. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, आईचं जेवण, येण्याजाण्याची गाडी हे सगळं जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. बाळ दाखवायचे पैसे कुठल्या रकान्यात बसतात? २०१८ पासून लाच देणाराही कायद्यानं गुन्हेगार ठरतो. दबावाखाली द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं, म्हणजे देणाऱ्याला संरक्षण मिळतं. लाचलुचपत विभागाचा नंबर १०६४. तुमचे सात दिवस कधीच उलटून गेलेत आणि त्या रात्री बाळ हातात घ्यायची घाई असताना कुणीही हेच केलं असतं, तेव्हा आता स्वतःला खात बसू नका. पुढं घरात कुणाची वेळ आली तर नंबर आधी मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि आनंद झाला की खरोखरचे पेढे न्या. अर्धा किलो, उघडा बॉक्स, सगळ्या वॉर्डात फिरवा. मावशींना दोन द्या, मोरी धुणाऱ्या बाईलाही दोन द्या.

राहिला आकडा. चहाच्या टपरीवर, पोह्याच्या गाड्यावर, स्वतः ट्रे उचलायचा तिथं काही नाही. बाकी छोट्या हॉटेलात दहा-वीस. तुमच्यासारखं सात जणांचं जेवण, दोन तास माणूस पाणी भरतोय, पोरांनी सांडलेलं पुसतोय, तर शंभर-दीडशे पुष्कळ. सर्व्हिस चार्ज काढायला लावलात तर दोनशे द्या. तरी तुमचे १३६ वाचतातच. चार्जही काढून घ्यायचा आणि बशीकडंही बघायचं नाही, हे मला पटणार नाही. वागणं वाईट होतं तर काही देऊ नका, पण बिलाच्या चुकीचा राग वेटरवर काढू नका, बिल त्यानं बनवलेलं नसतं. महिन्याच्या एक तारखेला बँकेतून दहा-वीसच्या नोटांचं एक बंडल घ्या. तुम्ही पतसंस्थेत, तुम्हाला ते कुणी नाही म्हणणार नाही.

आणि पुढच्या वेळी जेवायला निघताना शंभरच्या दोन नोटा अप्पांच्या वरच्या खिशात घाला. काही बोलू नका. बडीशेप आली की ते बघून घेतील.

दाजींचे दोनशे परत करायला जाऊ नका, आणखी एक अपमान होईल. भाऊबीजेला ते येतील तेव्हा स्टँडवर घ्यायला तुम्ही स्वतः जा. रिक्षावाल्याला द्यायला दाजी खिशात हात घालतील, त्याच्या आत तुमची नोट पुढं गेली पाहिजे. आणि सुटे राहू द्या.